प्रवाळांच्या टाकीत सम्पचा विचार सर्वांत आधी व्हावा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: घरगुती सागरी मत्स्यालयातील सम्पची रचना

महोदय,

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून तिच्यात प्रवाळ वाढवण्याची हौस आता मोजक्या घरांपुरती राहिलेली नाही. मुंबईत कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला गेले, तर गोड्या पाण्यातल्या माशांच्या शेजारीच समुद्री मीठ, प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली सेंद्रिय घाण बाहेर काढणारे यंत्र) आणि निळे एलईडी दिवे मांडलेले दिसतात. मात्र टाकी घेताना गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे बोलणे काचेची जाडी, टाकीची लांबी, दिव्यांचा रंग आणि माशांच्या जाती यांभोवतीच फिरते. टाकीखालच्या कपाटात बसणाऱ्या दुसऱ्या टाकीचा, म्हणजे सम्पचा, विषय सर्वांत शेवटी निघतो आणि कपाटात जेवढी जागा उरली असेल तेवढ्या मापाची एक काचपेटी तिथे सरकवून दिली जाते. हा क्रम उलटा आहे, असे माझे ठाम मत आहे. सम्पचे माप, पाण्याच्या पातळ्या, नळ आणि भोके आधी कागदावर ठरावीत व त्यानंतरच वरच्या टाकीची काच कापली जावी, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी ही रचना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात किंवा मागच्या बाजूला दातेरी काठाची एक छोटी पेटी असते. तिला ओव्हरफ्लो म्हणतात. टाकीतले वरच्या थराचे पाणी त्या काठावरून पेटीत पडते, पाइपातून खाली सम्पमध्ये उतरते, तिथल्या कप्प्यांतून फिरते आणि शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. पहिल्या कप्प्यात कचरा अडवणारी कापडी पिशवी, दुसऱ्यात स्किमर, कुठे शैवालाचा कप्पा, मग बुडबुडे अडवणाऱ्या दोन-तीन आडव्या-उभ्या काचा आणि शेवटी पंप, असा साधारण क्रम असतो.

यातून मिळणारा पहिला फायदा सगळेच सांगतात, तो म्हणजे हीटर, स्किमर, वायरी यांचा पसारा दिवाणखान्यातून नाहीसा होतो. माझ्या मते तो सर्वांत किरकोळ फायदा आहे. खरे महत्त्व दोन गोष्टींना आहे. माशांच्या खाण्यातून आणि प्रवाळांनी सोडलेल्या चिकट द्रवातून तेलकट, प्रथिनयुक्त पापुद्रा पाण्याच्या पृष्ठभागावर जमतो आणि तो हवा व पाणी यांच्यातली प्राणवायूची देवघेव मंदावतो. ओव्हरफ्लोमुळे नेमका हाच थर सतत खाली ओढला जातो आणि स्किमरपर्यंत पोहोचतो. दुसरी गोष्ट पातळीची. बाष्पीभवनाने पाणी कमी झाले तरी वरच्या टाकीची पातळी ओव्हरफ्लोच्या काठाने धरून ठेवलेली असते, त्यामुळे सगळी घट सम्पच्या शेवटच्या कप्प्यात दिसते. स्किमरला तर स्थिर पातळी लागतेच, कारण पाणी दोन-तीन सेंटिमीटर वरखाली झाले तरी त्याचा फेस बिघडतो. म्हणून त्याचा कप्पा ठरावीक उंचीच्या काचेने वेगळा केलेला हवा. तयार मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त सम्पमध्ये हीच काच नसते.

आता ज्या मुद्द्यासाठी लेखणी हातात घेतली त्याकडे येतो. वीज गेली की पंप थांबतो, पण पाणी लगेच थांबत नाही. ओव्हरफ्लोच्या काठापर्यंतचे पाणी खाली येते आणि पंपाचा पाइप टाकीत जितका खोल बुडालेला असेल तितक्या खोलीपर्यंतचे पाणी त्याच पाइपातून उलट्या दिशेने, वक्रनलिकेच्या तत्त्वाने, खाली ओढले जाते. हे किती असते याचा हिशेब कोणत्याही गृहिणीला किंवा शाळकरी मुलाला करता येईल इतका सोपा आहे, तरीही टाकी विकताना तो क्वचितच मांडला जातो.

समजा, वरची टाकी 120 सेंटिमीटर लांब व 50 सेंटिमीटर रुंद आहे. तिच्यातली पातळी एक सेंटिमीटरने उतरली की 6 लिटर पाणी खाली येते. पंपाच्या पाइपाचे तोंड पृष्ठभागाखाली 4 सेंटिमीटर असेल, तर 24 लिटर झाले. ओव्हरफ्लोच्या पेटीतले आणि पाइपांमधले पाणी धरून सुमारे 30 लिटर होतील. खालचा सम्प 75 सेंटिमीटर लांब, 40 रुंद आणि 40 उंच असेल व चालू अवस्थेत त्यात 22 सेंटिमीटर पाणी असेल, तर या 30 लिटरने पातळी 10 सेंटिमीटर चढून 32 वर थांबते आणि तरीही 8 सेंटिमीटर काच कोरडी राहते. तेच 30 लिटर 45 बाय 30 सेंटिमीटरच्या सम्पमध्ये उतरले तर पातळी 22 सेंटिमीटर चढेल. त्याची उंची 40 आणि चालू पातळी 20 असेल, तर वीज गेल्यावर पाणी फरशीवर येणारच, यात नशिबाचा काही भाग नाही. आणि मोठा सम्प घेऊनही पंपाचे तोंड कोणी 10 सेंटिमीटर खोल बसवले, तर 60 लिटर अधिक पाइपांमधले पाणी खाली येईल आणि तोही सम्प भरून वाहील. सम्पची लांबी-रुंदी आणि पाइपाच्या तोंडाची खोली एकत्रच ठरवावी लागते ती यासाठी.

यावर उपाय म्हणून एकदिशा झडप बसवून देण्याची पद्धत आहे. तिच्यावर भिस्त ठेवू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. खाऱ्या पाण्यात झडपेच्या पडद्यावर मिठाची खपली, चुनखडीचा थर आणि नळीत राहणारे किडे जमतात. मग ती पूर्ण मिटत नाही आणि ते कळते ते वीज गेलेल्या रात्री. पाइपाच्या तोंडाजवळ, पृष्ठभागाच्या किंचित खाली, हवा आत घेणारे एक छोटे भोक पाडण्याचा मार्ग अधिक भरवशाचा आहे, पण तेही गुलाबी प्रवाळी शैवालाने बुजते आणि अधूनमधून टोचून मोकळे करावे लागते. खरा भरवसा फक्त सम्पमधल्या रिकाम्या जागेचा. टाकी पहिल्यांदा भरली की घरच्या माणसांसमोर पंपाचे बटण बंद करावे, पाणी थांबेपर्यंत वाट पाहावी आणि सम्पच्या काचेवर त्या पातळीची कायमची रेघ मारून ठेवावी.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही तितकाच आवश्यक आहे. उतरणाऱ्या पाइपात एखादी गोगलगाय, शैवालाचा गठ्ठा किंवा जागा बदलत निघालेला समुद्रफूल-प्राणी अडकला, तर पंप वर पाणी चढवत राहतो आणि खाली काही येत नाही. अशा वेळी पंपाच्या कप्प्यातले सगळे पाणी वर जाते. वरच्या उदाहरणातला शेवटचा कप्पा 20 बाय 40 सेंटिमीटरचा असेल आणि त्यात 22 सेंटिमीटर पाणी असेल, तर ते साडेसतरा लिटर होते आणि वरच्या टाकीत पातळी सुमारे 3 सेंटिमीटर चढते. तेव्हा वरच्या टाकीत काठापर्यंत निदान 4 सेंटिमीटर मोकळे असायला हवेत. इथे आणखी एक धोका दडलेला असतो. बाष्पीभवनाची भरपाई करणारे स्वयंचलित यंत्र, ज्याला हौशी मंडळी एटीओ म्हणतात, त्याला कप्प्यातली पातळी उतरलेली दिसते आणि ते गोडे पाणी ओतू लागते. त्याचा डबा 10-15 लिटरचा असेल तर नुकसान तेवढ्यावरच थांबते. इमारतीच्या टाकीवरून थेट नळ जोडून दिलेला असेल तर फरशीही भिजते आणि क्षारता घसरून प्रवाळही मरतात. असा थेट नळ जोडून देणाऱ्या कारागिराला नम्रपणे नकार द्यावा.

पाणी उतरवण्यासाठी टाकीला भोक पाडायचे की काठावर अडकवायची वक्रनलिकेची पेटी लावायची, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार येतो आणि बहुतेकदा चुकीच्या बाजूने सुटतो. कारण सरळ आहे: गिऱ्हाईक आधी टाकी घेऊन बसलेले असते. काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर तिला नंतर भोक पाडताच येत नाही, ती क्षणात चुरा होते. साध्या काचेला हिऱ्याच्या कटरने भोक पडते, पण भरलेली टाकी रिकामी करण्याची कोणाची तयारी नसते. मग काठावरची पेटी येते. तिच्या वाकड्या नळीत हवेचे बुडबुडे साठत जातात, वीज जाऊन आली की कधीकधी प्रवाह तुटतो आणि पंप मात्र चालू होतो. परिणाम वर सांगितलाच आहे. टाकी बनवतानाच भोके पाडून घेतली तर हा प्रश्नच उरत नाही. भोकेही दोन उतरत्या पाइपांसाठी असावीत: एक गेट व्हॉल्व्हने (प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपेने) आवरलेला, पूर्ण पाण्याने भरून वाहणारा मुख्य पाइप आणि दुसरा, थोडा उंच, एरवी जवळपास कोरडा राहणारा व मुख्य पाइप तुंबला की काम करणारा. हौशी मंडळींत या रचनेला हर्बी म्हणतात. तिसरा पाइप जोडला की ती बीनअ‍ॅनिमल होते. सदनिकेत राहणाऱ्यांना याचा आणखी एक लाभ आहे. भरून वाहणाऱ्या पाइपात हवा नसल्यामुळे रात्रभर चालणारी गुळगुळ थांबते. सम्पच्या आवाजाला कंटाळून रात्री पंपच बंद करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि तो आवाज केवळ पाइपाच्या रचनेचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

बाष्पीभवनाचा विषय आपल्या हवामानात विशेष लक्ष देण्यासारखा आहे. बहुतेक प्रवाळांना 25 ते 27 अंश सेल्सिअस पाणी मानवते. आपल्या उन्हाळ्यात, त्यात पंप आणि दिव्यांची उष्णता मिळून, टाकी सहज 30 च्या पुढे जाते आणि प्रवाळ पांढरे पडू लागतात. सम्पवर लहान पंखा लावणे हा स्वस्त उपाय आहे, कारण एक लिटर पाणी वाफ होताना जी उष्णता घेऊन जाते तिच्यात 200 लिटर पाणी सुमारे 3 अंशांनी थंड होऊ शकते. पण हे हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. नागपूर किंवा पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पंखा चांगले काम करतो. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट मे महिन्यात त्याचा जोर ओसरतो आणि तिथे चिलरची, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, तरतूद ठेवावी लागते. चिलरची मोटर बंद कपाटात ठेवली, तर ती तिथलीच हवा तापवत बसते, म्हणून कपाटाला मागून मोकळी जागा हवी, हेही सुताराला आधीच सांगायला हवे.

पंखा जितका प्रभावी तितके गोडे पाणी अधिक लागते. वाफ होते ते पाणी, मीठ मागेच राहते. एकूण 250 लिटरच्या व्यवस्थेत रोज 5 लिटर उडाले आणि तीन दिवस कोणी भर घातली नाही, तर हजारी 35 असलेली क्षारता 37 च्या पुढे जाते. कोकणात गणपतीला किंवा दिवाळीत गावी जाणाऱ्या कुटुंबांनी म्हणूनच एटीओच्या डब्याचा आकार मुक्कामाच्या दिवसांप्रमाणे ठरवावा. डबा मोठा घ्यावा लागला तर तो पूर्ण रिता झाला तरी क्षारता किती उतरेल आणि पाणी कुठे मावेल, हे आधी मोजून पाहावे. भर घालायचे पाणी क्षाररहित असावे लागते. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणी चालेल असे अनेकांना वाटते. परंतु त्यातली बरीच यंत्रे चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी किंवा खनिजे परत मिसळतात, त्यामुळे ते पाणी टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर) शून्याच्या जवळ येत नाही आणि त्यातून फॉस्फेट, सिलिकेट टाकीत साठत जातात.

विजेबद्दल थोडेसे. खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते आणि सम्पच्या कपाटात पाणी, वायरी आणि उघडे पिन-बोर्ड हातभर अंतरावर असतात. बोर्ड पाण्याच्या पातळीच्या वर आणि बाजूला असावा, प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्यापूर्वी खाली झोल देऊन न्यावी म्हणजे वायरीवरून ओघळणारे थेंब बोर्डात शिरत नाहीत, अर्थिंग तपासलेले असावे आणि टाकीच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असावा. घरात लहान मुले असतील तर या चार गोष्टींत तडजोड नको. वीज दीर्घकाळ गेली तर धोका वेगळा असतो: सम्प आणि टाकी यांच्यातला प्रवाह थांबतो आणि वरच्या टाकीत प्राणवायू काही तासांतच कमी होऊ लागतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप किंवा इन्व्हर्टरवर जोडलेला एक प्रवाह-पंप वरच्या टाकीत ठेवावा; रिटर्न पंप, स्किमर आणि हीटर हे सगळे इन्व्हर्टरवर घेण्याची गरज नसते.

शैवालाच्या कप्प्याविषयी मला विशेष आस्था आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अडी यांनी 1980 च्या दशकात शैवालाच्या थरांवरून पाणी फिरवून प्रवाळांची मोठी टाकी शुद्ध ठेवण्याची पद्धत विकसित केली. आज घरोघरी सम्पमध्ये वाढवले जाणारे कीटोमॉर्फा हे तारांच्या गुंत्यासारखे दिसणारे शैवाल त्याच विचाराचे साधे रूप आहे. ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून वाढते आणि वाढलेला भाग कापून काढला की ती द्रव्ये टाकीबाहेर जातात. त्याचा दिवा रात्री लावावा. रात्री टाकीतले सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्याच वेळी शैवाल तो वायू वापरत असले की उतार सौम्य होतो. कापडी पिशवी मात्र तीन-चार दिवसांनी धुवावीच लागते, नाहीतर अडवलेला कचरा तिथेच कुजून नायट्रेट वाढवतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पिशवी न लावलेलीच बरी.

सम्पशिवाय प्रवाळ जगतच नाहीत, असा माझा दावा नाही. जकार्तातील ली चिन एंग यांनी 1961 साली जिवंत खडक (सूक्ष्म जीव वसलेला समुद्रातला खडक), समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची पद्धत जगासमोर मांडली होती. शंभर लिटरांच्या आतली, मोजके मऊ प्रवाळ असलेली टाकी मागच्या कप्प्यातल्या गाळणीवर आणि नियमित पाणीबदलावर उत्तम चालते आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी, असे मला वाटते. पण कठीण सांगाड्याचे प्रवाळ वाढवायचे असतील, तर कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता, जी डीकेएच या एककात मोजतात) 8-9 डीकेएच अशी रोजच्या रोज स्थिर ठेवावी लागते. ही द्रव्ये वरच्या टाकीत प्रवाळांवर थेट न पडता सम्पमध्ये ठिबकली आणि मिसळून वर गेली तर त्यांना इजा होत नाही.

ही काळजी आपल्याकडे अधिकच घ्यायला हवी, कारण प्रवाळ मेला तर दुसरा आणू, ही वृत्ती इथे कायद्यालाही मान्य नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून प्रवाळभित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. वाघाला आहे तेच संरक्षण त्यांना आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. आपल्या किनाऱ्यावरून तोडलेला प्रवाळ किंवा त्याच्या सांगाड्याचा ‘लाइव्ह रॉक’ स्वस्तात मिळतो म्हणून घेणे हा गुन्हा आहे. परदेशी कठीण प्रवाळही साइट्स या, संकटग्रस्त जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, तेव्हा विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रे मागावीत. खडक कृत्रिम घ्यावा. त्यावर उपयुक्त जिवाणू बसायला काही आठवडे लागतात आणि त्या काळात सम्पमध्ये सच्छिद्र माध्यमाच्या विटा ठेवल्या, तर जिवाणूंना जास्तीची जागा मिळते.

वजनाचाही उल्लेख करतो. वरील मापाची टाकी पाणी, काच, खडक आणि सम्प धरून चारशे किलोंच्या वर जाते. ती खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईच्या किंवा भारवाहक भिंतीच्या लगत ठेवावी आणि जुन्या इमारतीत आधी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

टाक्या बनवणाऱ्या व विकणाऱ्या बांधवांना माझी विनंती आहे. गिऱ्हाइकाच्या हाती पावतीसोबत एक साधे रेखाचित्र द्यावे. त्यात वरच्या टाकीची एका सेंटिमीटरमागची लिटरे, पंपाच्या तोंडाची खोली, सम्पची चालू पातळी आणि वीज गेल्यावरची पातळी लिहिलेली असावी. गिऱ्हाइकांनीही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हे चार आकडे मागून घ्यावेत.

आपला विश्वासू,
एक सागरी मत्स्यालय-पालक,
ठाणे